तू कुणाची?

शनिवारी रात्री दहाला नवा भाग येतो.
आम्ही नऊलाच गंगावेशीत, दूधकट्ट्यावर.
धार चरवीत वाजत असते
आणि सुकुमार मगदूम ओठांवरचा फेस तसाच ठेवून
दर दोन मिनिटांनी विचारतो,
"आलं का गं?"

माझ्या फोनची काच तडकलीय.
झरीच्या कपाळावर त्यामुळं कायम एक जखम दिसते,
चित्रकारानं न काढलेली.
आम्हाला आता ती खरीच वाटते.

या गोष्टीतली जादू फुकट नाही.
एक मंत्र, एक शब्द.
मंत्र सुटला की तोंडातला एक शब्द कायमचा जातो,
कुठला द्यायचा ते आपण ठरवायचं.
पहिल्या भागात झरीनं 'कढी' दिली
आणि पुढं चाळीस भाग बिचारी
"ती पिवळी, आंबट, भातावरची" म्हणत राहिली.
आम्ही हसून लोळलो होतो.
मग तिनं 'उंबरा' दिला.
मग 'मामा'.
तिथनं हसणं कमी झालं.

गेल्या भागात किल्ला पेटलेला, राणी उदवंती आत.
झरीनं सगळी आग एका दमात पिऊन टाकली.
सकाळी भरल्या दरबारात तिला विचारलं,
"झरी, तू कुणाची?"
झरी गप्प.
पुढची चौकट पूर्ण काळी.

"फितूर," सुकुमार म्हणाला. "सरळ आहे.
उत्तरेच्या सरदारानं घोडा दिलेला तिला. आठव."
"लंगडा होता घोडा."
"लंगडा असू दे. घेतला का न्हाई?"

प्रज्वला हुपरीत दिवसभर चांदी तोलते,
तिचं भांडण जादूच्या हिशेबाशी.
"घागरभर पाण्याला कढी जाते,
मग अख्ख्या किल्ल्याला काय जाईल?
वजन करा की जरा."

इर्शाद मुजावर बोलत नव्हता.
पेला दोन्ही पंज्यांत धरलेला,
पेनल्टी अडवल्यावर बॉल धरायचा तसा.
तीन वर्षांमागं त्यानं आपल्या तालमीचा संघ सोडला
आणि पलीकडच्या पेठेची जर्सी घातली.
त्या मॅचला गॅलरीतनं जे जे त्याच्या अंगावर आलं
त्यात पाण्याची एक बाटली माझी होती.
का गेलास, हे कुणी विचारलं नाही.
आम्हाला माहीतच होतं ना,
पेठेत सगळ्यांना सगळं माहीत असतं.
वर्षभर बोललो नाही.
मग कुणीतरी झरीचा पहिला भाग धाडला,
त्यालाही, मलाही,
आणि एका बाकड्यावर आलो.
फुटबॉल सोडून सगळं बोलतो.

"तिला येतच नसंल तो शब्द," इर्शाद म्हणाला.
"कुठला?"
"राणीचं नाव. तेच दिलं असणार.
सगळ्यात जड तेच होतं तिच्यापाशी.
आता कुणाची म्हणून विचारल्यावर
काय सांगंल?"

म्हैस फुरफुरली.
प्रज्वलानं बोटांवर काहीतरी मोजलं.
"बसतंय वजन," ती म्हणाली.

"मग बोट दाखवायचं की राणीकडं!"
सुकुमार हटेना.
"तोंड गेलं, हात हाय न्हवं?"
"दाखवलं असंल," इर्शाद म्हणाला.
"चौकट काळी आहे, भावा."

दूधवाल्यानं रिकामे पेले गोळा केले.
माझा अजून अर्धा होता, तोही नेला.
मी म्हटलं, "इर्शाद, ती बाटली..."
"माहितीय."
"कसं काय?"
"कानाजवळनं गेली.
एवढा वाईट नेम पेठेत दुसऱ्या कुणाचाय?"

सुकुमार कधी नव्हे तो गप्प बसला,
फेस पुसायला त्याला बाही सापडेना.
संघ का सोडला ते इर्शादनं तेव्हाही सांगितलं नाही.
पैशासाठी गेला असेल. नसेलही.
मी विचारणार होते,
पण जीभ टाळूला लावून बघितली
आणि नेमका प्रश्न कुठल्या शब्दानं सुरू होतो
तेच आठवेना.

दहा वाजले.
तडकलेल्या काचेवर गोल फिरू लागला.
फोन मी त्याच्या हातात दिला.
"तू उघड."